हात हलला नाही

११ जानेवारी

प्रिय ढब्बू,

तू फोन उचलत नाहीस म्हणून पत्र लिहिते आहे. फाडायच्या आधी एकदा वाच, मग खुशाल फाड. वसतिगृहात एका खोलीत वाढलो आपण. माझं अक्षर न वाचता तू कधी टाकलेलं नाहीस, एवढ्या भरवशावर लिहिते.

तुझ्या धाकट्या बहिणीचा जीव माझ्या धाकट्या भावाच्या हातून गेला. हे वाक्य मी कितीदा तरी खोडलं आणि शेवटी असंच ठेवलं, कारण कसंही फिरवून लिहिलं तरी त्याचा अर्थ बदलत नाही. हे लग्न आपण दोघींनीच जुळवलं होतं. मांडवात एकमेकींना 'विहीणबाई, विहीणबाई' करून काय मिरवलो होतो! आता मी तुला काय म्हणू, तेही मला कळत नाही.

कामाचं बोलते. खटला मार्चमध्ये सुरू होईल. मारलं हे नाकारण्यात अर्थ नाही, कारण पोलिसांना फोन पेंटरने स्वतःच केला. (सगळं गाव त्याला पेंटर म्हणतं, मीही तेच म्हणते. 'माझा भाऊ' म्हणताना हल्ली जीभ अडखळते.) पण आमचे वकीलसाहेब म्हणतात की कायद्यात एक वाट आहे. माणसाला कुणी अचानक इतकं चिथावलं की त्याचं डोकंच फिरलं, आणि ते ताळ्यावर यायला वेळच मिळाला नाही, तर त्याला खून धरत नाहीत. खालचा गुन्हा धरतात आणि शिक्षा पुष्कळ कमी होते. साहेबांचं म्हणणं असं की तो संध्याकाळी घरी आला, धाकटीने 'मुलीला घेऊन चालले' म्हणून तोंडावर फेकलं, वर त्याच्या पुरुषपणावरून काहीबाही बोलली, आणि त्याचा तोल गेला. छोटी तेव्हा शेजारी खेळत होती, घरात तिसरं कुणी नव्हतं.

म्हणून धाकटीच्या जिभेबद्दल कुणीतरी सांगायला हवं. मी सांगेनच. पण मी पडले त्याची बहीण. तू तिची सख्खी बहीण, आणि तिला 'मिरची' हे नाव तूच ठेवलं होतंस. तिच्या जिभेला हाड नाही, हे लग्नाआधी मला तूच बजावलं होतंस. जे खरं आहे तेवढंच सांग, जास्त काही नको.

आणखी एक सांगते. लोक त्याला राक्षस म्हणतात ते मला ऐकवत नाही. ती जाणार हे त्याला सकाळीच कळलं होतं, चहा देतानाच तिने सांगितलं होतं. आमच्या बोर्डांच्या वर्कशॉपमध्ये येऊन त्याने मला सांगितलं, ब्रश उचलला आणि दिवसभर बोर्ड रंगवला. अक्षराची एक कड हलली नाही गं! ज्याच्या पोटात पाप असतं त्याचा हात असा राहील का? हे मी कोर्टात छातीठोकपणे सांगणार आहे. साहेबांना अजून बोलले नाही, त्यांना मान वर करायला वेळ नसतो.

छोटी कशी आहे? आत्याची आठवण काढते का? काढत नसेल तर तसं लिहू नकोस.

काडी

२० जानेवारी

काडे,

फाडलं नाही. फोन उचलत नाही कारण फोनवर मी फक्त शिव्या देईन. कागदावर निदान शुद्धलेखन तरी सांभाळावं लागतं.

हो, मिरची हे नाव मीच ठेवलं. मापात मारणाऱ्या दुकानदाराची ती भर बाजारात खरडपट्टी काढायची. माझ्या शेजारी गाडीत बसली की मला गाडी शिकवायची, मला, जिने अर्ध्या शहराला गाडी शिकवली! त्या जिभेने तिने घर चालवलं, छोटीला चांगल्या शाळेत घालून घेतलं. त्या जिभेने कुणाचा जीव गेला नाही. जीव तिचा गेला, आणि तुझे वकीलसाहेब आता तिच्याच जिभेला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करायला निघालेत. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ती हीच. माझ्याकडून असलं एक अक्षरही मिळणार नाही.

इथली नोकरी तिला मी बघून दिली. 'नीघ' असंही मीच सांगितलं. पुन्हा वेळ आली तर पुन्हा सांगेन, आणि या खेपेला आणायला स्वतः गाडी घेऊन येईन. ती का निघाली होती हे तुला ठाऊक नाही असं म्हणू नकोस. तिचा हात मोडला तेव्हा 'जिन्यावरून पडली' म्हणून दवाखान्यात तूच नेलंस. जिन्यावरून पडलेली बाई जिन्याला घाबरते. आमची धाकटी दारात पेंटरच्या चपला दिसल्या की घाबरायची.

पेंटरला किती वर्षं मिळतात याच्याशी मला फारसं देणंघेणं नाही. त्या निकालपत्रात माझ्या बहिणीबद्दल काय लिहिलं जाईल, याच्याशी आहे. छोटी आज ना उद्या मोठी होईल आणि तो कागद शोधून वाचेल. मी असते तर वाचला असता, तीही वाचेल. त्यात 'मयत बाईच्या बोलण्यामुळे' असं तिने वाचायचं? मी जिवंत असेपर्यंत नाही.

छोटी तुझी आठवण काढते. तू काढून दिलेला हत्ती भिंतीवर लावलाय, सोंड जरा आखूड झाली आहे असं तिचं मत आहे.

तो बोर्ड कुठला गं? कुठे लावलाय?

ढब्बू

२८ जानेवारी

ढब्बू,

बोर्डाचं विचारलंस आणि मला रडू आलं. इतक्या दिवसांत त्याच्या कामाबद्दल विचारणारी तू पहिली. सोंड मुद्दाम आखूड काढली आहे, हत्ती लहान आहे, सांग तिला.

चौकातून डावीकडे वळलं की दातांच्या डॉक्टरांचा नवा दवाखाना आहे, त्याच्या दारावर. निळ्यावर पांढरी अक्षरं. वरती मोठं नाव, खाली वेळा बारीक अक्षरात. आखणी माझी, खडूने; रंग त्याचा. बारीक अक्षरात भल्याभल्यांचा हात उघडा पडतो. आमच्यात म्हणतात, पोटातला राग आधी बोटांत उतरतो. म्हणून बाबांचा नियम होता की घरून भांडून आलेल्या कारागिराने त्या दिवशी ब्रशला हात लावायचा नाही. त्याला मागच्या अंगणात रॉकेल आणि रंगाचे रिकामे डबे देऊन घासायला बसवायचे. बाबा गेले तरी नियम मी चालवते. मोठमोठे कारागीर निमूट डबे घासतात.

त्या दिवशी पेंटरने मला ती जाणार असल्याचं सांगितलं तेव्हा मी म्हटलं, 'आज तू डबे घे.' तो हसला. म्हणाला, 'ताई, हात बघ.' आणि हात माझ्यासमोर धरला. भिंत हलेल पण तो हात नाही! मग मीच म्हटलं, जा बाबा, रंगव. मधे चहा प्यायला तेव्हा थट्टाही केली, की हा बोर्ड बघून दुखरी दाढ आपणहून बाहेर येईल. असा माणूस खुनी असतो का, तूच सांग.

जिन्याचं मला माहीत नाही. मी विचारलं नव्हतं.

काडी

९ फेब्रुवारी

काडे,

शनिवारच्या शिकवण्या रद्द करून मी तुमच्याकडे येऊन गेले. म्हणजे तुमच्या चौकापर्यंत. तुझ्या दाराशी आले नाही, राग मानू नकोस. दवाखान्यासमोर गाडी लावली आणि बोर्ड बघत बसले. सुरेख झालाय. वेळांच्या आकड्यांत सुद्धा कुठे रेघ फुटलेली नाही.

आता नीट ऐक, कारण हे मी एकदाच लिहिणार आहे.

माझ्याकडे शिकायला येणारा कुणाला धडकला की पहिलं वाक्य ठरलेलं असतं, 'मॅडम, तो अचानक आडवा आला!' मी विचारते, 'बरं, तुला दिसला कधी?' मग हळूहळू बाहेर पडतं की लांबूनच दिसला होता. दिसला होता, रस्ता मोकळा होता, ब्रेक पायाखाली होता. मग अचानक कसलं? तुझ्या वकीलसाहेबांची सगळी इमारत त्याच एका शब्दावर उभी आहे. संध्याकाळी अचानक कळलं, अचानक डोकं फिरलं, थंड व्हायला वेळ मिळाला नाही. आणि तू कोर्टात उभी राहून अभिमानाने सांगणार की त्याला सकाळीच कळलं होतं, आणि मधला सगळा दिवस तो इतका थंड होता की तुझ्या बाबांच्या नियमाप्रमाणेही त्याला डबे घासावे लागले नाहीत. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते याला. तू त्याला वाचवायला जाशील आणि तुझ्या तोंडून तो खुनी ठरेल.

खरं सांगते, मी तुला बोर्डाबद्दल मुद्दाम विचारलं. पहिल्या पत्रातच माझ्या लक्षात आलं होतं. मला फक्त गप्प बसायचं होतं, बाकीचं तू केलं असतंस. येताना गाडीत मी ठरवलंही होतं, गप्प बसायचं. पण मग मी तुला पुढे घालून तुझ्याच हाताने तुझा भाऊ बुडवला असता, आणि तुला ते नंतर कळलं असतं. माझ्या बहिणीला न्याय हवाय मला, पण मैत्रिणीला फसवून नको. ती मिरची असती तर तिनेच माझी खरडपट्टी काढली असती.

तुझं पत्र मी कुणालाही दाखवणार नाही. पण सरकारी वकीलबाईंना एवढं नक्की सांगणार आहे की पेंटर त्या दिवशी दुपारी कुठे होता, हे त्याच्या बहिणीला विचारा. प्रश्न येणार, काडे. उत्तर काय द्यायचं ते तुझं तू बघ.

आणि एक गोष्ट राहून राहून मनात येते. राग नव्हता, हात थंड होता. मग तो संध्याकाळी घरी काय घेऊन गेला?

ढब्बू

१६ फेब्रुवारी

तू सापळा लावलास आणि वर मलाच सांगतेस की बघ, इथे सापळा आहे. मोठीच उपकारकर्ती!

साहेबांना सगळं सांगितलं. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. म्हणाले, त्या दिवशी तुम्ही वर्कशॉपमध्ये नव्हताच, तुम्ही तापाने घरी झोपून होता. तर मला ताप होता. तुझ्या वकीलबाईंना सांग, खुशाल विचारा म्हणावं. आई रोज विचारते, पोराला कधी आणतेस. तिला काय सांगू, ढब्बूला न्याय हवाय म्हणून?

तुझी बहीण गेली. माझा भाऊ अजून आहे. यापुढे पत्र पाठवू नकोस.

२१ फेब्रुवारी

काडे,

ताप उतरला की कळव.

छोटीला भेटायला तू कधीही येऊ शकतेस. कोर्टात काहीही बोललीस तरी. त्या गोष्टीचा या गोष्टीशी काडीचाही संबंध नाही, हे लेखी देते.

ढब्बू

२७ मार्च

ढब्बू,

ताप उतरला.

तू त्या दिवशी कोर्टात नव्हतीस, तुझी साक्ष व्हायची असल्यामुळे तुला आत बसू दिलं नाही, असं वकीलबाई म्हणाल्या. म्हणून माझ्याकडूनच ऐक. कुणाकडून तिखटमीठ लावून ऐकण्यापेक्षा ते बरं.

आधी आमच्या साहेबांनी जिभेचं विचारलं. मी सांगितलं, होती तिखट. खोटं कशाला बोलू? मग वकीलबाई उठल्या. लहानखुऱ्या आहेत, आवाज मात्र अख्ख्या दालनाला पुरेल असा. म्हणाल्या, 'त्या दिवशी दुपारी आरोपी कुठे होता?' माझं उत्तर पाठ होतं. आरशासमोर उभी राहून पाठ केलं होतं. मी पेंटरकडे पाहिलं. त्याने कठड्यावर हात ठेवले होते आणि माझ्याकडे बघून किंचित मान हलवली, लहानपणी चोरून सायकल चालवून आला की हलवायचा तशी. 'ताई सांभाळून घेईल' अशी ती मान. आयुष्यभर मी सांभाळूनच घेत आले होते. जिन्याच्या वेळीही तीच मान होती, आणि दवाखान्यात मी काहीही विचारलं नाही. मी त्या वेळी विचारलं असतं, तर धाकटीने मला सांगितलं असतं. ती कुठे गप्प बसणारी होती!

मी म्हटलं, वर्कशॉपमध्ये होता. माझ्यासमोर.

मग सगळंच सांगितलं. सकाळी त्याला कळलेलं, तो बोर्ड, बाबांचा डब्यांचा नियम, त्याने पुढे धरलेला हात. डब्यांचं सांगत होते तेव्हा न्यायाधीशांनी लिहायचं थांबवलं आणि पुन्हा एकदा सांगायला लावलं. आमचे साहेब तोवर कागद चाळत बसले होते, ज्यात काही नव्हतं.

आणि तुझ्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तरही दिलं. ते मी पोलिसांना दिलं नव्हतं, साहेबांना दिलं नव्हतं, स्वतःलाही देत नव्हते. संध्याकाळी पेंटरने ब्रश धुतले, ओळीने टांगले. मग जुना रंग खरवडायची धारदार पट्टी कागदात गुंडाळून पिशवीत टाकली, पोलिसांना नंतर घरात सापडली तीच. कामाचं अवजार घरी न्यायचं नाही, हाही बाबांचाच नियम. मी विचारलं, घरी कशाला? तो म्हणाला, दाराचा रंग सुटलाय, खरवडतो. मी म्हटलं, 'उद्या आठवणीने परत आण.' एवढंच म्हटलं गं मी. दार रंगवायला माणूस बायको निघून जायचा दिवस कशाला निवडेल, हे माझ्या डोक्यात आलंच नाही. किंवा आलं आणि मी त्याला आत येऊ दिलं नाही.

बाहेर आल्यावर साहेब म्हणाले, 'बाई, तुम्ही भावाला बुडवलंत.' मी म्हटलं, 'साहेब, बुडाला तो आधीच होता. मी फक्त पाणी किती होतं ते सांगितलं.' घरी आई माझ्याशी बोलत नाही. माझं पान वाढत नाही, मी वाढून घेते. भूक कुणाला चुकली आहे? कारागीर मात्र आज सगळे वेळेवर आले. एक जण तर कुणाशी भांडलेला नसताना डबे घासायला बसला.

तू सावध केलं नसतंस तर हेच सगळं मी फुशारकीने बोलले असते, आणि मागून अर्थ कळल्यावर मला तोंड लपवायला जागा उरली नसती. आता जे बोलले ते समजून उमजून बोलले. त्यामुळे ताठ चालता येतं.

पण एक तुला सांगायलाच हवं, नाहीतर हे पत्र खोटं ठरेल. त्याच्यावरची माझी माया गेलेली नाही. मी त्याला भेटायला जाणार आहे. तो भेटेल की नाही माहीत नाही.

काडी

२२ जून

प्रिय काडे,

निकालाच्या दिवशी तू भिंतीला टेकून उभी होतीस, मी तिसऱ्या बाकावर होते. तुझ्याजवळ यायचं होतं, पण तुझी आई तुझा हात धरून होती. बोलत नसली तरी हात धरला होता, हे बघून मला बरं वाटलं. तो सोडवायला मी आले नाही.

खून ठरला, जन्मठेप झाली. निकालपत्राची नक्कल आज हातात आली, ती मी स्वयंपाकघरात उभ्यानेच वाचून काढली. आपल्याला हवं होतं ते त्यात आहे. पुरुषपणावरून बोलल्याची गोष्ट कोर्टाने मानली नाही. पेंटरने पोलिसांना केलेल्या पहिल्या फोनमध्ये 'ती जाते म्हणाली' एवढंच सांगितलं होतं, बाकीचं नंतर सुचलेलं आहे. आणि पुढे लिहिलंय की बायकोने घर सोडून जाते असं सांगणं याला चिथावणी म्हणत नाहीत. तिच्या जिभेचा उल्लेख एका वाक्यात आहे. ती स्पष्टवक्ती होती, असं लिहिलंय. तुझ्या साक्षीला मात्र त्यांनी पानंच्या पानं दिली आहेत, डब्यांसकट.

पेंटरला भेटायला जात राहा. तो नाही भेटला तरी जा. मला त्याच्याबद्दल काही सांगू नकोस, मला ऐकायचं नाही आणि कधी ऐकायचं असेल असं वाटत नाही. पण तू जातेस म्हणून मी तुझ्यावर रुसणार नाही. तो तुझा भाऊ आहे, त्याला तू तरी काय करणार!

रविवारी ये. राहायला ये, उभ्या उभ्या नको.

आज सकाळी छोटीला शाळेत सोडायला निघाले होते. मागच्या सीटवरून तिने विचारलं, 'मावशी, आई बाबांना काय बोलली होती?' वर्गातल्या कुणीतरी तिला सांगितलं होतं की तुझी आई काहीतरी वाईट बोलली, म्हणून ते झालं. मी गाडी कडेला घेतली. मागे वळून तिच्याकडे बघितलं आणि म्हटलं, 'ती म्हणाली होती, मी जाते.'

'आणि?'

'आणि काही नाही. एवढंच.'

ती वाट बघत राहिली. मी अजून काहीतरी सांगेन असं तिला वाटत होतं. मी काही सांगेना, तेव्हा तिने कपाळाला आठ्या घातल्या, अगदी धाकटीसारख्या.

'मग त्यात काय?' ती म्हणाली, आणि मला गाडी चालू करायला लावली. शाळेला उशीर होत होता.

ढब्बू